ल्हाकीचा हात

ल्हाकी घोरते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही. वीस हिवाळे ती आणि मी कोल्हापूरला स्वेटर विकायला शेजारीशेजारी बसलो आणि एकाच खोलीत झोपलो, तेव्हा हे सांगायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही. ती म्हणायची, यूडॉन, मी घोरत नाही, झोपेत मंत्र म्हणते. मी म्हणायचे, मग तुझे देव कानात कापूस घालून बसत असतील.

बाई दिसायला एवढीशी. गाल सुकलेल्या सफरचंदासारखे, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायचं. कुणी नुसतं बघत उभं राहिलं तरी ही त्याच्या डोक्यातून स्वेटर घालून मोकळी व्हायची. आधी घाल, मग भांड, असं तिचं म्हणणं. आमचा सगळा माल लुधियानाहून गठ्ठ्यांनी यायचा. हातानं विणलंय का, असं कुणी विचारलं की ती काही बोलायची नाही, हातातल्या सुया तेवढ्या वर करून दाखवायची. खोटं बोलले नाही मी, असं नंतर मलाच ऐकवायची.

तिला जगात माणूस एकच, धाकटा भाऊ छुल्टिम. आईवडील हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. वडील दरडीखाली गेले, आई खोकल्यानं गेली. कर्नाटकात मुंडगोडला आम्हा तिबेटी निर्वासितांना जमीन मिळतेय असं कळल्यावर ही तेरा वर्षांची पोर सहा वर्षांच्या भावाला घेऊन इतरांबरोबर गाडीत बसली आणि आमच्या कॅम्पात आली. तेव्हा इथं नुसतं जंगल होतं. मका लावला की हत्ती खाऊन जायचे. दोन वर्षं तिनं त्याला कसंबसं जगवलं आणि मग मठात नेऊन सोडलं, कारण तिथं दोन वेळा जेवण मिळायचं. तो रडला नाही. हीच रडली, तीही घरी येऊन, दार लावून.

मठात त्याचं काही जमलं नाही. पोथी पाठ होईना. दहा ओळी सांगाव्यात तर तीन विसरायचा, चौथी स्वतःची घालायचा. शेवटी गुरुजींनी कंटाळून त्याला स्वयंपाकघरात पाठवलं आणि तिथं तो चाळीस वर्षं राहिला. आठशे भिक्खूंचा लोणी घातलेला खारा चहा तो करायचा. माणूस बुडेल एवढ्या पातेल्यात हा डाव फिरवत उभा, ओठ सारखे हलताहेत. मी विचारायचे, काय रे, शिव्या देतोयस का? तर म्हणायचा, मीठ मोजतोय, आचा. आमच्यात थोरल्या बहिणीला आचा म्हणतात, आणि त्याच्या लेखी ल्हाकीची मैत्रीण म्हणजे मीही आचाच.

एकदा मठात शहरातून एक मास्तर आले, भिक्खूंना मेंदू शिकवायला. प्लॅस्टिकचं डोकं आणलं होतं, त्याचे तुकडे निघायचे. बघायचं कुठे, ऐकायचं कुठे, भीती कुठे, सगळं ते बोटानं दाखवत होते. छुल्टिम चहा घेऊन गेला तो तिथंच रेंगाळला, आणि किटली हातात तशीच धरून त्यानं विचारलं, "चहा खारट झाला असं ज्याला वाटतं, तो यात कुठं बसतो?" सगळे भिक्खू हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. ते हातातला प्लॅस्टिकचा तुकडा खाली ठेवून म्हणाले, मीठ कुठं कळतं ते मी दाखवू शकतो, कुणाला कळतं ते मला अजून सापडलेलं नाही. ही गोष्ट ल्हाकीनं मला कोल्हापुरात निदान पन्नास वेळा सांगितली असेल. दर वेळी छुल्टिम आणखी थोडा हुशार झालेला असायचा.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. ल्हाकी त्या हिवाळ्यात कोल्हापूरला यायला तयार नव्हती. त्यानंच हट्टानं पाठवलं. तू इथं बसलीस तर मला सारखं बरं असल्याचं नाटक करावं लागतं, म्हणाला.

डिसेंबरात फोन आला. आम्ही गठ्ठे बांधले, शेजारच्या दुकानात टाकले आणि मिळेल त्या बसनं हुबळी गाठून दुसऱ्या दिवशी दुपारी कॅम्पात पोचलो. आम्हाला वाटलं होतं, आता दहनाच्या तयारीलाच लागायचं. पण मठाच्या फाटकाशी भिक्खू आमच्याकडे बघून विचित्रच हसले, आणि म्हणाले, हळू चाला.

छुल्टिम स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत मांडी घालून बसलेला होता. श्वास आदल्या सकाळीच थांबला होता. मान ताठ, चेहरा असा की आत्ता उठून विचारील, चहा घेता का. वयोवृद्ध गेन थुबतेन त्याला बघून गेले होते. गेन म्हणजे मोठे गुरुजी. त्यांनी सांगितलं होतं, हा तुकदममध्ये आहे.

साधनेत फार वर पोचलेल्या एखाद्या माणसाला हे साधतं असं आमचे लोक मानतात. श्वास जातो, छाती थांबते, पण मन आत बसून राहतं, वारा नसलेल्या खोलीतल्या दिव्यासारखं. तेवढे दिवस शरीर कलंडत नाही, वास येत नाही, छातीशी ऊब असते. त्या दिवसांत हात लावायचा नाही, जवळ रडायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही. बाहेरून धक्का बसला तर आतलं हलतं, आणि निघताना हललेलं मन कुठल्या वाटेला लागेल, कुठं जन्म घेईल, काही सांगता येत नाही.

चाळीस वर्षं चहा ढवळणारा माणूस, आणि तुकदम. सगळा कॅम्प लोटला. मोठमोठ्या पोथ्या पाठ असलेले दोघेचौघे विद्वान तोंड आंबट करून बसले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं. ल्हाकी उंबऱ्याबाहेर बसली. हसायचं का रडायचं तिला कळत नव्हतं, आणि रडायला तर बंदीच होती.

इथं माझी भाची येते, भावाची मुलगी डिकी. बंगळूरला नर्सिंग शिकली आणि मेंदूवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे लागली. त्या डॉक्टरांना बघायचं होतं की तुकदममध्ये खरंच काही चालू असतं का. मठातल्या थोरांनी परवानगी दिली होती. खरं असेल तर बघितल्यानं त्याचं काही बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कॅम्पात असं काही घडलं की डिकी पेटी घेऊन हजर. ती रोज सकाळी छुल्टिमच्या डोक्याला मलम लावून तारा चिकटवायची, तास-दीड तास बघायची, काखेत थर्मामीटर ठेवायची, पुन्हा सगळं अलगद काढून जायची.

मी तिथंच डिकीला टोमणा मारला. म्हटलं, तुझ्या पेटीचं बरं आहे बाई, तिला कुणी हात लावू नको म्हणत नाही, सख्ख्या बहिणीला मात्र उंबरा ओलांडू देत नाहीत. ल्हाकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

पाच दिवस ती तशी बसली. गेन सांगून गेले होते, मन शांत ठेव, तुझ्या शांतीचा त्याला आधार आहे. मी तिच्या शेजारी बसून सुपारी कातरावी तसे शब्द कातरत होते, बोलू की नको. आणि सहाव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातले सगळे जेवायला गेले असताना छुल्टिमच्या खांद्यावरची शाल घसरली. कशी घसरली कोण जाणे. सकाळी तारा काढताना सैल झाली असेल. अर्धी छाती उघडी पडली. ल्हाकी उठली. मी तिचा हात धरायला हवा होता. नाही धरला. मला वाटलं, बहीण आहे, शाल नीट करील आणि येईल.

तिनं शाल नीट केली. मग तिचा हात त्याच्या मानेवर गेला, आणि तो हात तिथंच राहिला. ती त्याच्या कानाशी वाकली आणि त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारली. ते नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आणि मग सहा दिवसांचं सगळं एकदम आलं. मी तिला ओढून बाहेर आणेपर्यंत त्याच्या शालीचा खांदा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मान कलली होती. नाकाशी एक थेंब आला होता. संपलं, असं गेन म्हणाले. आम्ही दोघींनी काय झालं ते त्यांना सांगितलं, लपवलं नाही. ते रागावले नाहीत. त्याची वेळ झाली असेल, एवढंच बोलले. पण त्याच दिवशी स्वयंपाकघरातला एक भिक्खू भांडी घासताना दुसऱ्याला म्हणाला, चांगला पंधरा दिवस बसला असता, मायेची हाक पडली आणि खेचला गेला बिचारा. ल्हाकी पाणी भरायला गेली होती. तिनं ते ऐकलं.

त्यानंतर ती जेवेना. दहन झालं, तरी जेवेना. सत्तू भिजवून समोर ठेवलं तर बोटानं गोळा करायची आणि तसाच ठेवायची. तिला एकच कळायला हवं होतं. मी त्याला धक्का दिला का? चांगला सुखानं बसलेला माणूस मी उठवला आणि कुठल्या अंधारात ढकलला? हे ती मला विचारायची, आणि मी, जिला बाजारात कुणी गप्प करू शकलं नाही, मी चुलीत लाकडं सारायचे.

मग मला शहाणपण सुचलं. मी डिकीला गाठलं. म्हटलं, तुझ्या पेटीत काय दिसलं ते सांग. ती मला आने म्हणते, म्हणजे आत्या. म्हणाली, आने, ते सांगायचं नसतं, डॉक्टर सगळं एकत्र करून सांगतील. मी म्हटलं, तू नागडी फिरायचीस तेव्हापासून तुला ओळखते, मला नियम शिकवू नकोस. अर्धा तास मी तिच्या मानगुटीवर बसले. शेवटी तिनं सांगितलं. पहिल्या दिवसापासून सरळ रेघ. डोक्यात काहीच चालू असल्याचं दिसलं नाही. पहिल्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही, सातव्याही नाही.

मी तिचा हात धरून तिला ल्हाकीच्या घरी नेलं आणि म्हटलं, आता सांग हिला.

डिकीनं सांगितलं. पोर चांगली आहे, हळू सांगितलं. ल्हाकीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी हात लावला तेव्हा तिथं कुणी नव्हतं," ती म्हणाली.

डिकी म्हणाली, "यंत्राला कुणी दिसलं नाही, आचा."

"मग सहा दिवस बसला कोण? सडला का नाही?"

"ते आम्हाला कळलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. मी खोटं सांगणार नाही."

"आत्ता माझ्या डोक्याला तारा लावल्यास तर मी दिसेन?"

"तुम्ही जाग्या आहात एवढं दिसेल. आत काय वाटतंय ते नाही दिसणार. ते कुणाचंच दिसत नाही."

"मग तुझं यंत्र माणूस बघत नाही," ल्हाकी म्हणाली. "त्याची धग बघतं."

डिकीचे डोळे भरले होते. मी मात्र मध्येच तोंड घातलं, बाई ग, पण तुझी चूक नाही हे तर ठरलं ना, काही नव्हतंच तर मोडलंस काय? ल्हाकीनं माझ्याकडे पाहिलं, मग सत्तूच्या वाटीकडे. आणि त्या दिवशी ती जेवली. थोडंच, पण जेवली. रात्रभर झोपली असं शेजारणीनं सांगितलं, भिंतीपलीकडून मंत्र ऐकू आले म्हणाली.

मला केवढा अभिमान वाटला. आणि अभिमान झाला की माझं तोंड बंद राहत नाही. दळणाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या रांगेत, स्तूपाला फेऱ्या घालताना, भेटेल तिला मी सांगत सुटले की ल्हाकीला नावं ठेवू नका, तिच्याकडून काही मोडलं नाही, डिकीच्या यंत्रात पहिल्यापासून सरळ रेघ होती. मी ल्हाकीसाठी करत होते. देवाशपथ तिच्यासाठीच करत होते.

पंधरा दिवसांत ते उलटं फिरून आलं. लोक म्हणायला लागले, तुकदम वगैरे काही नव्हतं. थंडीचे दिवस, म्हातारा हाडांचा सापळा, काय सडणार? चहावाल्याला उगीच मोठा केला. ज्यांनी तोंडं आंबट केली होती त्यांचे चेहरे खुलले. छुल्टिमची राख मातीत मिसळून छोटी मूर्ती करायची आणि स्वयंपाकघरातल्या देवघरात ठेवायची असं आधी ठरलं होतं. ते आता पुढं ढकललं गेलं. राखेचं मडकं कोठारात, पिठाच्या पोत्यांमागे ठेवलं होतं. ल्हाकी एक दिवस लोणी द्यायला गेली तेव्हा तिनं ते पाहिलं.

ती तशीच माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. "तू सांगितलंस?" म्हणाली. मी हो म्हटलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बरं, आणि गेली.

मेल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्याकडे शेवटची प्रार्थना असते, मग माणूस पुढच्या जन्माला लागला असं धरतात. घरचे लोक मठाला चहा आणि पाव देतात. मोठ्या सभागृहात आठशे भिक्खू ओळीनं बसले होते, कॅम्पातले लोक भिंतीला टेकून. चहा वाढून झाला. गेन थुबतेन प्रार्थना सुरू करणार तोच ल्हाकी उठली. कुठली बाई त्या सभागृहात कधी बोलली असेल असं मला आठवत नाही. बाजारात हाक मारायची तोच आवाज तिनं काढला, फक्त त्यात हसू नव्हतं.

"मी छुल्टिमची बहीण. सहाव्या दिवशी दुपारी मी त्याला हात लावला. नाव घेऊन हाक मारली. तो आत होता. त्याला माझा हात कळला, त्याची मान माझ्या हाताखाली हलली. माझ्यामुळे तो उठला. यंत्राला काय दिसलं मला माहीत नाही, हात माझा होता. चूक माझी आहे. त्याचं बसणं खोटं म्हणू नका."

गेन तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, तेव्हा तिथं आणखी कुणी होतं का? मी भिंतीला टेकून बसले होते. मी मान हलताना पाहिली नव्हती. मी दोन हातांवर होते, आणि मान हलली नव्हती. मी उठले आणि म्हटलं, मी होते, मी पाहिलं.

गेननी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या खोटेपणासकट आम्हा दोघींना ओळखत असावेत. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली, आणि त्यात छुल्टिमचं नाव घेताना पुढे दोन शब्द लावले, जे मोठ्या साधकांच्या नावापुढे लावतात.

आठवड्याभरात मूर्ती झाली. अंगठ्याएवढी, मातीची. स्वयंपाकघरात चुलीच्या वर ठेवलीय. पहिला चहा तिला दाखवतात.

त्या प्रार्थनेवरून घरी येताना वाटेत मी ल्हाकीला विचारलं, खरंच हलली होती का ग मान, मला दिसली नाही. ती चालत राहिली. म्हणाली, मला माहीत नाही यूडॉन, कधी वाटतं हलली, कधी वाटतं माझाच हात कापत होता. मी म्हटलं, मग तू तसं कशाला सांगितलंस, डिकीनं तुला सोडवलं होतं ना. तेव्हा ती थांबली.

"डिकीचं खरं धरलं तर मी सुटते," ती म्हणाली, "आणि तो मेला त्या सकाळीच संपला. सहा दिवस मी उंबऱ्याशी बसले ती कुणापाशी बसले? माझं रडणं कुणी ऐकलं नाही. नको मला तसं सुटणं."

"आणि गेन म्हणाले तसा तो खरंच आत असला तर? त्याचा पुढचा जन्म बिघडला असला तर?"

"तर त्याचं पाप माझं. मी आहे ना फेडायला."



त्या दिवसापासून ती सकाळी पाच वाजता स्तूपाला फेऱ्या घालायला जाते आणि प्रत्येक फेरीला लांब दंडवत घालते. गुडघे पार गेलेत. कोल्हापूरला येणं बंद झालं, तिची जागा आता एका लडाखी बाईनं घेतलीय, ती घोरत नाही, मला झोप येत नाही. डिकीनं ते काम सोडलं. दवाखान्यात सुया टोचते, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. बंगळूरच्या डॉक्टरांनी नंतर काय लिहिलं ते मी तिला विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

आणि कॅम्पात आता कुणाचं शेवटचं आलं की घरचे लोक ल्हाकीला कळवत नाहीत. वाईट बोलत नाहीत, भेटल्यावर नमस्कार करतात, पोरं आचा आचा म्हणतात. पण माणूस जात असला की तिच्या बाजूची खिडकी लावून घेतात. तिचा हात लागायला नको, असं म्हणतात. परवा पलीकडच्या घरातली म्हातारी गेली. आठ दिवस त्या घरात माणसं येत-जात होती, आणि ल्हाकी भिंतीअलीकडे पायमोजा विणत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगू का, की मी मान हललेली पाहिली नव्हती?

तिनं टाका पुरा केला. "गप्प बस यूडॉन," म्हणाली. "एकदा तरी."

मी गप्प बसले. पलीकडे मंत्र चालू होते, आणि ल्हाकी ओठ न हलवता ते ऐकत होती.